पारडी बदला

लिफाफे दोन होते आणि दोन्हींवर ठळक छापलं होतं: ‘कृपया एकट्याने, जोडीदाराशी चर्चा न करता भरावे.’ थोरल्याने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, चष्मा सारखा केला आणि पहिला प्रश्न वाचायला घेतला.

शनिवारची दुपार. दुकानाचं शटर अर्धं ओढून घरातली सगळी मोठी माणसं मागच्या तपासणीच्या खोलीत जमली होती, कारण घरातलं सर्वांत मोठं टेबल तिथंच होतं. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत एकही महत्त्वाचा निर्णय जेवायच्या टेबलावर झाला नव्हता. काचेच्या पेटीतला जुना तराजू, मखमली अस्तराची पितळी वजनांची पेटी, चिमटे, आणि भोवती बसलेली माणसं. टेबलाखाली खडू.

खडू म्हणजे धाकट्याची आठ वर्षांची मुलगी. तिच्या हातात सदैव खडूचा तुकडा असे आणि जी वस्तू जागची हलू नये असं तिला वाटे, तिच्याभोवती ती पांढरी रेघ ओढी. तपासून झालेल्या डब्यांवर दुकानात खडूची खूण करतात, ते पाहून शिकली असेल, असा तिच्या आईचा अंदाज होता. ‘रक्तातच आहे तिच्या,’ असं आजोबांचं मत. तिची आई गेली चौदा वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत होती आणि तिला त्यात अजून असलं काही आढळलं नव्हतं.

स्वमग्नता हा शब्द घरात पाच वर्षांपूर्वी आला. तेव्हापासून प्रत्येकाने तो आपापल्या सोयीने वापरला. नको असलेल्या लग्नाला जायचं नसलं की थोरला तो वापरी. माई, म्हणजे खडूची आजी, तो मुळीच वापरत नसे. “हिचा बापही उशिराच बोलला,” ती म्हणे. यावर खडूची आई एकदाच म्हणाली होती, “अजून बोलायचा आहे तो.” तेव्हापासून दोघींमध्ये चहा आणि औषधांपुरतंच बोलणं होतं.

“प्रश्न पहिला,” थोरला म्हणाला. “‘एकंदरीत तुम्ही तुमच्या वैवाहिक आयुष्यात किती समाधानी आहात?’ एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. पाच लिहा. पुढचा.”

“दादा, तो आम्ही भरायचा आहे,” धाकटी, म्हणजे खडूची आई, म्हणाली.

“मग भर ना. मी कुठे नाही म्हणतोय? पाच भर.”

“वेगवेगळ्या खोलीत बसून भरायचा आहे.”

“हे बघ, तीन वर्षं यादीत नाव होतं पोरीचं. आता कुठे केंद्रात जागा मिळतेय. आणि आज पाचच्या आत कागद गेले नाहीत तर ती पुढच्याला देणार. तिथे तू दोन नि तीन लिहून पाठवणार? म्हणतील, यांचंच धड नाही, पोरीला काय शिकवणार? नापास करतील.”

“ही परीक्षा नाहीय. त्यांचा अभ्यास चाललाय. वर्षाच्या सुरुवातीला विचारतात, शेवटी विचारतात, फरक बघतात.”

“तेच ते. परीक्षाच.”

थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, दाराशी उभी होती. दुकानाचा गल्ला आणि तपासणीचं रजिस्टर तिच्याकडे असल्यामुळे या घरात काय तोललं जातं आणि काय नुसतं तोलल्यासारखं दाखवलं जातं, हे तिला इतरांपेक्षा बरं कळत असे. आजची बैठक प्रश्नावलीसाठी नव्हतीच. स्वमग्न मुलांच्या त्या केंद्राने तिसरा एक कागद पाठवला होता, प्रवेशाचा, आणि त्यात एक चौकट होती: वर्षभर, सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते एक, मुलासोबत एकच पालक रोज येईल. पालक बदलता येणार नाही. आणि सोमवारी, एक तारखेला, धाकटी तिच्या लॅबमध्ये विभागप्रमुख होणार होती. घरात याचा उल्लेख ‘तिचं ते लॅबचं’ असा होत असे.

थोरलीलाही सकाळपर्यंत वाटत होतं की धाकटीने वर्षभर घरी बसावं. पहिला प्रश्न ऐकल्यावर मात्र ती जरा थबकली. एकंदरीत तुम्ही किती समाधानी आहात? बावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने टेबलावर पाहिलं. केंद्राने प्रश्नावलीच्या कोऱ्या प्रती तीन पाठवल्या होत्या. तिने तिसरी उचलली आणि “चहा टाकते,” म्हणून आत गेली.

“चौकटीत आईचं नाव घाला आणि मोकळे व्हा,” माई म्हणाली. “आईवाचून का कुठलं लेकरू शिकलंय?”

“माझी नोकरी, माई.”

“नोकरी काय, परत मिळते.”

“मूल काय, बापासोबतही जातं.”

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याला सगळे पासंग म्हणत, म्हणजे हलक्या पारड्याला बांधायचं बारकं वजन. लहानपणी घरात कुणा दोघांत वाद झाला की हा ज्याची बाजू हलकी त्याच्याकडे सरके, आणि भांडण बरोबरीत सुटे. आजोबांनीच ते नाव ठेवलं होतं. चाळिसाव्या वर्षी मात्र तो कुठेच सरकत नसे. तो आता वजनांच्या पेटीचा कडीकोयंडा न्याहाळत होता, आणि तो मोडलेला नव्हता.

“काय रे?” थोरला म्हणाला.

“बघू,” पासंग म्हणाला.

धाकटीने डोळे मिटले. हा ‘बघू’ तिने लग्नाआधीही ऐकला होता. तिच्या लॅबचा काटा तपासायला हा आला होता, तासाभराच्या कामाला चार तास लावले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, किती बारकाईने काम करतो. लग्नानंतर कळलं की काटा तासाभरातच झाला होता, उरलेले तीन तास तो चहाला विचारावं की नाही, हे बघत होता.

अप्पा, म्हणजे खडूचे आजोबा, टेबलाच्या टोकाला बसले होते. आता त्यांनी टेबलावर दोन बोटं वाजवली.

“पारडी बदला,” ते म्हणाले.

माईने कपाळाला हात लावला.

हा घराचा जुना नियम होता. तराजू खरा की खोटा हे कसं ओळखायचं? दोन्ही पारड्यांत वजनं ठेवायची, काटा बघायचा. मग डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे, आणि पुन्हा बघायचं. अप्पांच्या वडिलांनी हाच नियम माणसांना लावला: भांडण झालं की प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची. अप्पांना या नियमाचा फार अभिमान होता. प्रत्यक्षात त्याने काही मिटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटे घ्यायचे की नाही यावर दोघे भाऊ भांडले, तेव्हा पारडी बदलली. दोघांनी एकमेकांच्या बाजू इतक्या जोरात मांडल्या की दोघांनाही त्या पटल्या, आणि तेच भांडण जागा बदलून आणखी दोन महिने चाललं.

“म्हणजे काय करायचं?” धाकटीने विचारलं.

“तू त्याचा कागद भर, तो म्हणून. त्याने तुझा भरायचा, तू म्हणून. मग बघू काटा कुठे जातो. चौकटीत कोण, ते मग आपोआप ठरेल.”

“अप्पा, केंद्राने सांगितलंय—”

“केंद्राने एकट्याने भरा म्हटलंय. एकटेच भरा. कुणाचा भरा, ते कुठे म्हटलंय?”

धाकटी हसली. ते हसू काही बरं नव्हतं, पण तिने पेन उचललं. “चालेल. मला आवडेल हे.”

ती पुढे गल्ल्यावर जाऊन बसली. पासंग तिचा कागद घेऊन सुट्या भागांच्या कोठीत गेला.

धाकटीला त्याचा कागद भरायला सहा मिनिटं लागली. ‘घरकाम आणि मुलाची देखभाल यांची वाटणी तुम्हाला न्याय्य वाटते का?’ पाच. का नाही वाटणार? ‘नातेवाइकांसमोर जोडीदार तुमची बाजू घेतो का?’ पाच. ‘जोडीदाराला आपली गरज आहे असं वाटतं का?’ पाच. ‘तुमचा दिवस कसा गेला हे जोडीदाराला ठाऊक असतं का?’ पाच. शेवटी ‘काही सांगायचं असल्यास’ अशी ओळ होती. तिथे तिने त्याच्यासारख्या बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं: ‘सगळं छान चाललं आहे. बायको बघते.’ लिहून झाल्यावर तिला इतकं बरं वाटलं की हे रोज करायला हवं होतं, असं वाटून गेलं.

कोठीतून मात्र वीस मिनिटं झाली तरी पासंग आला नव्हता.

तेवढ्यात आतून तो आवाज आला.

थोरल्याने प्रवेशाचा कागद पंख्याने उडू नये म्हणून पेटीतलं पन्नास ग्रॅमचं वजन त्यावर ठेवलं होतं. तेही चिमट्याने नाही, बोटांनी. बोटांचा तेलकटपणा लागला की वजन बिघडतं, म्हणून याच चुकीसाठी त्याने दुकानातल्या तीन उमेदवारांना घालवलं होतं. खडू टेबलाखालून वर आली, तिला पेटीत रिकामा खड्डा दिसला. मग ती खाली बसली, कानांवर हात ठेवले आणि तिच्या तोंडून तो एकाच पट्टीतला, न थांबणारा सूर निघाला. मग डोकं टेबलाच्या पायावर आपटू लागलं.

“अगं बाळा, अगं माझ्या सोन्या,” माई धावली.

“पाणी द्या!” थोरला म्हणाला.

धाकटी गल्ल्यावरून उठली होती. ती दारापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली, कारण कोठीच्या दारातून पासंग तिच्या आधी आत शिरला होता.

त्याने आधी पंखा बंद केला. मग दिवा. मग माईला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, म्हणाला, “माई, बोलू नकोस. हातही लावू नकोस.” माई इतकी चकित झाली की खरंच बोलली नाही. त्याने स्वतःचा स्वेटर काढून त्याची घडी केली आणि टेबलाच्या पायाशी, जिथे डोकं आपटत होतं तिथे, सरकवली. मग वजनांची पेटी खाली घेतली आणि खडूपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसला. चिमट्याने टेबलावरचं पन्नास ग्रॅमचं वजन उचललं, मऊ कापडाने पुसलं आणि पेटीजवळ ठेवलं. चिमटाही तिच्या बाजूला तोंड करून ठेवला. मग काही केलं नाही. नुसता बसला.

अकरा मिनिटं. थोरला मधे दोनदा घसा खाकरायला गेला आणि दोन्हीदा अप्पांनी बोट वर केलं.

सूर बारीक झाला. थांबला. खडूने चिमटा घेतला, वजन उचललं, खड्ड्यात बसवलं, झाकण लावलं. मग पेटीभोवती पांढरी रेघ ओढली आणि रेघेच्या आत, पेटीला टेकून, बसली.

“बघितलंत?” थोरला हळू आवाजात, कौतुकाने म्हणाला. “शेवटी कारागीर आहे तो.”

धाकटी दारात तशीच उभी होती. पाच वर्षं तो सूर निघाला की हा माणूस उठून काहीतरी दुरुस्त करायला जात असे. घरातली चालू असलेली तीन घड्याळं त्याने दुरुस्त केली होती. तिला वाटत होतं, त्याला जमत नाही. जमत नाही त्याच्यावर काय रागवायचं? आता तिने पाहिलं होतं की पंखा आधी आणि दिवा नंतर, हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. तिला स्वतःला तो क्रम शोधायला दीड वर्ष लागलं होतं.

“कागद द्या,” ती म्हणाली.

अप्पांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. वाचायचं काम अर्थातच थोरल्याने घेतलं. धाकटीने भरलेला कागद त्याने खूश होत वाचला. “पाच, पाच, पाच. बघा! असा हवा कागद. ‘बायको बघते.’ वा.” मग दुसरा घेतला.

“वाटणी न्याय्य वाटते का? एक. नातेवाइकांसमोर बाजू घेतो का? एक. अरे, काय हे? तुमचा दिवस कसा गेला हे जोडीदाराला ठाऊक असतं का? एक. त्याबद्दल समाधानी आहात का? एक. पुन्हा निवड करायची झाली तर याच जोडीदाराला...” तो थांबला. “कोरं सोडलंय हे.”

“शेवटची ओळ वाचा,” धाकटी म्हणाली. तिला ती उलट्या बाजूने दिसत होती.

थोरल्याने घसा साफ केला. “‘काही सांगायचं असल्यास. मंगळवारी हिचे केस धुवायचे असतात. ती चावते. झालं की मी तिला बाहेर पाठवते आणि नळ मोठा सोडून रडते. आवाज बाहेर जात नाही, असं मला वाटतं.’”

खडू जमिनीवर आणखी एक रेघ ओढत होती.

माईने आधी स्वतःला सावरलं. “बघ गं,” ती धाकटीला म्हणाली, आणि खरोखर प्रेमाने म्हणाली, “किती जाणतो तुला! नवरा इतकं ओळखून आहे. आणखी काय पाहिजे बाईला?”

धाकटीने तिच्याकडे पाहिलंच नाही. घरात, वडीलधाऱ्यांसमोर, ती नवऱ्याशी बोलताना ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ यावर भागवत असे. आता तिने सरळ विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“हो,” पासंग म्हणाला.

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. नळाच्या टाकीचा आवाज माझ्या खोलीत येतो.”

“म्हणजे तू पलीकडे बसून ऐकत होतास.”

“हो.”

“तुला माहीत नाही असं धरून मी तुला पाच वर्षं माफ करत आले रे. दर मंगळवारी. आता त्या सगळ्या मंगळवारांचं काय करू मी?”

पासंगने टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला, तिने भरलेला, त्याच्या नावाचा. “अकरावा चुकलाय,” तो म्हणाला. “बाकी सगळं बरोबर लिहिलंयस. मला छानच वाटत होतं, कारण मी बघतच नव्हतो. पण ‘जोडीदाराला आपली गरज आहे असं वाटतं का’, तिथे पाच नाही. एक. सुरुवातीला मी तिला उचलायला गेलो की तू म्हणायचीस, असू दे, तुला नाही जमणार, मी करते.”

“किती वेळा म्हणाले?”

त्याने विचार केला. तो अंदाजे बोलणारा माणूस नव्हता. “चार.”

“चार! चार वेळच्या ‘असू दे’वर पाच वर्षं काढलीस? इतकं टिकाऊ तर तुमच्या दुकानातलं काहीच नाही.”

आतून दबलेलं हसू ऐकू आलं. थोरली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने चेहरा सरळ केला.

“ते असो,” थोरला म्हणाला. “आता हे कागद तर बाद झाले. अप्पा, काटा काय म्हणतो? चौकटीत काय घालायचं?”

अप्पा दोन्ही कागदांकडे बघत होते. त्यांनी ते एकदा असे ठेवले, एकदा तसे. आपल्या नियमातून खरंच काही निष्पन्न झालेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं आणि आता पाहून त्यांना फारसा आनंद झाला नव्हता.

“पारडी बदलली तरी काटा एकाच बाजूला झुकतोय,” ते शेवटी म्हणाले. “तिने भरलं तरी ओझं तिच्याकडे. त्याने भरलं तरी तिच्याकडे.”

“म्हणजे?”

“म्हणजे वजनांचा दोष नाही. दांडीच खोटी आहे.”

“कुठली दांडी?” माईने विचारलं.

अप्पांनी उत्तर दिलं नाही. “चहा दे गं,” ते थोरलीला म्हणाले. दांडी कुणी घडवली, हे त्यांना ठाऊक होतं, पण चहा निवत होता.

धाकटीने प्रवेशाचा कागद पुढे ओढला. चौकटीत छापलेलं होतं, ‘रोज येणाऱ्या पालकाचे मुलाशी नाते’, आणि पुढे केंद्रातल्या कुणीतरी, बहुधा सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून, आधीच टाइप करून ठेवलं होतं: आई. तिने पेन पासंगपुढे धरलं.

“बघू म्हणालास ना? बघ.”

“छे छे छे,” थोरला उठलाच. “अगं, दुकानाचं काय? लॅबांचे काटे, दवाखान्यांचे काटे, एक दशांश मिलिग्रॅमपर्यंत तपासणारं त्याच्याशिवाय आहे कोण इथे? सकाळचीच तर कामं असतात. वर्षभर कोण करणार ते?”

“मी,” थोरली म्हणाली.

“तू चहा दे.”

“दिला. चहा झाला तुमचा. बावीस वर्षं भावजींच्या मागे उभी राहून चिमटा देतेय, आकडे लिहितेय. आता तुम्ही मला चिमटा द्या.” ती नवऱ्याकडे वळली. “आणि वजन बोटांनी उचलू नका. आज पोरीला तुमच्यापेक्षा जास्त कळलं.”

थोरल्याने मदतीसाठी अप्पांकडे पाहिलं. अप्पा बशीत फुंकर घालत होते. माईकडे पाहिलं. माई म्हणाली, “पण लोक काय म्हणतील? बायको लॅबमध्ये, नवरा बालवाडीत?”

“म्हणतील, नवऱ्याला काम मिळालं,” धाकटी म्हणाली.

पासंगने पेन घेतलं. ‘आई’वर सरळ, पट्टीने मारल्यासारखी आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: वडील. शेजारी सही केली. मग सवयीने थांबला. दुकानाच्या रजिस्टरात खोडाखोड असली की दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. त्याने कागद बायकोकडे सरकवला.

“माझी कशाला?” ती म्हणाली. “मी तपासलेलं नाही अजून. वर्षभराने विचार.”

दुसरी सही थोरलीने केली.

कोऱ्या प्रती उरल्या नव्हत्या. तिसरी कुठे गेली असं थोरल्याने विचारलं तेव्हा थोरली म्हणाली, “चहा सांडला तिच्यावर.” खरं तर ती गल्ल्याच्या खणात, पावतीपुस्तकाखाली होती. तीस उत्तरं पेन्सिलीने भरलेली. ती कुणी मागितली नव्हती आणि थोरलीही ती कुठे पाठवणार नव्हती. पण खणाला तिने त्या दिवसापासून कुलूप लावलं.

तेव्हा ठरलं की आहेत तेच कागद दुरुस्त करून पाठवायचे. पासंगने त्याच्या नावाच्या कागदावर अकराव्यातला पाच खोडून एक लिहिला आणि ‘बायको बघते’मधल्या ‘बघते’च्या पुढे एक पूर्णविराम होता तो तसाच ठेवला, कारण वाक्य खरं होतं. धाकटीने तिच्या नावाचा कागद घेतला. वाटणी, एक. बरोबर. नातेवाईक, एक. बरोबर. चौदाव्यावर तिचं पेन थांबलं. तुमचा दिवस कसा गेला हे जोडीदाराला ठाऊक असतं का? तिने एक खोडला आणि पाच केला. पुढचा पंधरावा, त्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का, तिथला एक तसाच राहू दिला. शेवटची निवडीची जागाही कोरीच राहू दिली. खाली सही केली.

“हे वाचून ते चक्रावतील,” थोरला म्हणाला. “ठाऊक असतं, पाच. समाधानी, एक. अर्थ काय लावायचा याचा?”

“लावतील,” ती म्हणाली. “शिकलेली माणसं आहेत.”

पावणेपाचला दोघं खडूला घेऊन निघाले. स्कूटरवर दोघांच्या मधे ती बसली होती, लिफाफे पोटाशी धरून. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण पत्ता शोधताना एकदा तो डावीकडे म्हणाला, ती उजवीकडे म्हणाली, आणि तो ‘बघू’ न म्हणता उजवीकडे वळला. पत्ता डावीकडे होता. तरी पाचच्या आत पोचले.

सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत माईने कसाबसा धीर धरला. मग तिने पासंगला फोन लावला. तिच्या डोळ्यांपुढे सगळं उभं होतं. ते एवढ्याएवढ्या खुर्च्यांचं केंद्र, चौदा बायका, त्यांच्यात आपला एकटा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, आणि चौघी तरी विचारत असतील, आई कुठे आहे हिची?

“हॅलो,” पासंग हळू आवाजात म्हणाला. मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं आणि कुणीतरी एका पट्टीत ओरडत होतं. ती खडू नव्हती. खडूचा सूर माई ओळखत असे.

“दमलास का रे बाळा? काही खाल्लंस? पाठ दुखतेय का? तासभर जरा बाहेर येऊन बसता येतं का बघ. आणि ती चावली तर नाही ना? एकट्याने किती करशील तू?”

टाळ्यांचा आवाज लांब गेला; तो दाराबाहेर आला असावा.

“माई,” तो म्हणाला, “नंबर चुकलाय तुझा.”

“अरे, तुझाच तर लावलाय!”

“तेच म्हणतोय. पाच वर्षं उशीर झालाय, पण तिचा नंबर आहे तुझ्याकडे.” मागून त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

माई फोन हातात धरून बसून राहिली. पलीकडच्या टेबलावर थोरली चिमट्याने एक एक वजन काचेच्या पेटीत ठेवत होती आणि थोरला, ओठ आवळून, आकडे लिहून घेत होता.

“काय म्हणाला?” थोरलीने मान वर न करता विचारलं.

“म्हणतो, तिला फोन करून विचार, दमलीस का म्हणून.”

“मग करा की.”

“तिला?” माई म्हणाली. तिला हा विनोद खरंच कळला नव्हता. “तिला कशाला विचारायचं? ती तर आज नुसती कामावर गेलीय!”